फुकट दर्शनाचं पंचेचाळीस युरोंचं तिकीट

रोममध्ये माझे 135 युरो गेले. ऑक्टोबर 2023 च्या भावाने जवळजवळ बारा हजार रुपये. खिसा कापला नाही, कार्ड चोरीला गेलं नाही. मी स्वतः, चष्मा लावून, मशीनवर पिन दाबून दिले. ज्यासाठी दिले ते मुळात फुकट असतं, हे कळायला पुढे दोन तास लागले.

आम्ही तिघं होतो. मी, ही आणि माझी मोठी बहीण, अक्का. अक्का लग्न झाल्यापासून म्हापशाला. जुन्या गोव्यात बाँ जेझुशच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, पण त्याचा उजवा हात 1614 मध्येच कापून रोमला नेला, हे तिने कुठेतरी ऐकलेलं. ‘गोंयच्या सायबाचो हात’ बघायचा म्हणून ती आमच्या सहलीत सामील झाली. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, गर्दीत उभी राहून आलेली बाई, रांगेला घाबरणारी नाही. घाबरलो मी.

मंगळवारी सकाळी मेट्रोने ओत्ताव्हियानो स्टेशनला उतरलो. तिथून सेंट पीटर्सचं बॅसिलिका, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, चालत दहा-एक मिनिटांवर. जिना चढून वर येतोय तोच गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण समोर. हात जोडून नमस्ते, आणि मोडक्या हिंदीत: “अंकल, चर्च का टिकट है?”

आता मागे वळून बघतो तेव्हा त्याच्या या प्रश्नाचं कौतुक वाटतं. तिकीट लागतं असं तो म्हणालाच नाही. आहे का, एवढंच विचारलं. आमच्या डोक्यात शिर्डी. पैसे भरून दर्शनाचा पास घ्यायचा, वेगळ्या दाराने आत जायचं, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. त्यामुळे ‘तिकीट आहे का’ म्हटल्यावर ‘अरे देवा, काढायचं राहिलंच’ हेच मनात आलं. आज तीन तासांची लाइन आहे, दीदींना उन्हात उभं राहवणार नाही, असं तो अक्काकडे बघून म्हणाला. ‘स्किप द लाइन’, माणशी 45 युरो.

गल्लीत एक छोटं ऑफिस. काउंटर, व्हॅटिकनचा मोठा फोटो, कार्डाचं मशीन. ऑफिस दिसलं की आपला विश्वास बसतो. अक्का म्हणाली, “अरे, देवळात शिरायला पंचेचाळीस? कुणाला तरी विचार आधी.” मी म्हणालो, युरोप आहे अक्का, इथे सगळ्याला तिकीट असतं. हिच्या बिनबाह्यांच्या कुर्त्याकडे बोट दाखवून त्याने वर दहा युरोंची शालही काढली. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात हा नियम खरा आहे. पण अक्काच्या पिशवीत ओढणी होती, तेवढे दहा वाचले.

मग चाळीस मिनिटं फुटपाथवर. ‘ग्रुप जमतोय.’ शेवटी झेंडी घेतलेली एक मुलगी आली, आम्हा वीसेक जणांना चौकात घेऊन गेली आणि खांबांच्या कडेने वळत गेलेल्या रांगेच्या शेपटाला उभं करून दिलं. मी तिला कागद दाखवला. ती शांतपणे म्हणाली, ही सिक्युरिटीची लाइन, ही कुणालाच चुकत नाही. तेही खरंच होतं! विमानतळासारखी बॅगांची तपासणी, ती सगळ्यांना. मुलगी फोनवरचं ऑडिओ गाइड चालू करून देऊन निघून गेली.

रांगेत सव्वा तास गेला. वास्तुकार बेर्निनीचे 284 खांब म्हणतात, मला त्यातले बरेच पाठ झाले. मागे एक वयस्कर नन उभ्या होत्या, तोडकं इंग्रजी बोलत होत्या. तपासणी जवळ आली तसा मी तिकिटाचा कागद हातात धरला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे कशाचं? मी म्हटलं, एन्ट्री. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. बस्स, तेवढ्यावरूनच कळलं. आत जाईपर्यंत तो कागद कुणी मागितला नाही. दारातही नाही.

आत गेल्यावर उजव्या हाताला पहिल्याच चॅपलमध्ये मायकेलअँजेलोचं पिएता, मांडीवर मृत येशू घेतलेल्या मेरीचं शिल्प. 1972 मध्ये एकाने हातोडा चालवला, तेव्हापासून काचेआड. मी समोर उभा होतो, पण डोक्यात पंचेचाळीस गुणिले तीन चालू होतं. हे नुकसान बारा हजारांपेक्षा मोठं.

रात्री हॉटेलवर कागद नीट वाचला. बारीक अक्षरात: ‘ऑडिओ गाइड व सोबत’. प्रवेश हा शब्दच नाही. परत आल्यावर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार केली, तर उत्तर आलं की सेवा दिल्याचा पुरावा दुकानदाराने दिलाय, पिन तुम्हीच टाकलाय. कागदावर त्यांनी काही खोटं लिहिलेलंच नव्हतं. खोटं बोलले ते तोंडी, आणि त्यातलंही निम्मं मीच मनाने पूर्ण केलं.

त्याच माणसाने बुधवारच्या पोपच्या जाहीर भेटीचे पासही माणशी वीस युरोंना देऊ केले होते. ते घेतले नाहीत, ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, त्या दिवशी आमची फ्लॉरेन्सची गाडी होती म्हणून. ते पास व्हॅटिकन स्वतः फुकट देतं.

पैसे खरंच कुठे लागतात तेही सांगतो, नाहीतर माझ्यासारखा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायला तिकीट आहे. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या 551 पायऱ्या चढून आठ युरो, अर्ध्यापर्यंत लिफ्ट घेतली तर दहा. व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सिस्टीन चॅपल यांना तिकीट आहे, ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच काढावं. पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ आज चर्च आहे, पण तिथे जुलै 2023 पासून तिकीट लागतं, आम्ही गेलो तेव्हा पाच युरो. सान लुइजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोच्या चित्रांपुढे नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. मी तिथेही संशयाने डबा आधी खालून-वरून बघितला. ही हसत होती.

फ्लॉरेन्सहून परतल्यावर शेवटच्या दिवशी तो हात जिथे आहे त्या जेझू चर्चला गेलो, जेझुइटांचं, म्हणजे झेवियरच्या ख्रिस्ती संघाचं, मूळ चर्च. तिथे जायला 64 नंबरची बस धरली. ती खिसेकापूंसाठी इतकी प्रसिद्ध की अक्काने पर्स पदराखाली घेऊन वर हात ठेवला. चर्चच्या पायऱ्यांवर मुक्याबहिऱ्यांच्या नावाने सह्या गोळा करणारी दोन मुलं. सही केली की देणगी मागतात. माझा हात पेनाकडे गेला. “सही नको करू हां,” अक्का म्हणाली, आणि मला दंडाला धरून आत ओढलं.

आत तिकीट नाही, रांग नाही. उजवीकडच्या मोठ्या वेदीच्या वर तो हात, सोन्याच्या झळाळीतल्या पात्रात. अक्का किती वेळ उभी होती कोण जाणे. मग म्हणाली, “गोव्यात शव उंचावर, इथे हातही उंचावर. सायबाला जवळून काही बघू देत नाहीत.” तिने मेणबत्तीच्या पेटीत दोन युरो टाकले. मी पावती शोधत नव्हतो, पण ती म्हणाली की शोधत होतो.

मुंबईला उतरल्यावर फोन चालू केला तर त्या ऑफिसचा मेसेज: तुमचा अनुभव कसा होता, पाच तारे द्या. मी एक दिला आणि सगळं लिहिलं. मग बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचत बसलो. बहुतेकांचे पाच. एकाने मराठीतून लिहिलं होतं: माणसं फार चांगली, तिकीट आधीच घेतल्यामुळे आत कुणी अडवलं नाही.