कौल, पत्रा की स्लॅब? वादळात छप्पर गेलेल्या कोकणातल्या घरासाठी

छपरावर काय घालायचं हे ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, त्यामुळे पुढचे सहा महिने कोरडे मिळाले. तौक्ते १६-१७ मे २०२१ ला किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा पावसाला तीनेक आठवडे होते. निसर्ग वादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यात जमिनीवर चढलं आणि ११ जूनला मोसमी पाऊस हर्णैपर्यंत पोचलासुद्धा. नोव्हेंबरात छप्पर गेलं तर कौल, सिमेंट पत्रा, लोखंडी पत्रा आणि स्लॅब हे चारही पर्याय हातात असतात. मेअखेर किंवा जूनमध्ये गेलं तर स्लॅबचं नाव काढू नये. कौलांसाठी गवंडी-सुतार मिळणं दुरापास्त असतं. उरतात दोन वाटा: ताडपत्री टाकून दिवाळीपर्यंत थांबणं, नाहीतर आत्ताच पत्रा.

थांबायचं असेल तर ताडपत्री किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्या. त्याहून पातळ निळी ताडपत्री श्रावणापर्यंत उन्हा-वाऱ्याने चिरफाळते. ती आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, पलीकडच्या पाख्यावर (उतारावर) तीनेक फूट उतरली पाहिजे. आढ्यावरच संपवली तर वरून आलेलं पाणी थेट माजघरात येतं. कडा रिपेला (लाकडी पट्टीला) दोन वेढे गुंडाळून मग ती रीप वाशाला खिळवावी. नुसता कापडातून खिळा मारला तर पहिल्या झोताला भोक फाटून मोठं होतं. वर चढण्याआधी मीटरजवळचं मेन स्विच बंद. वाशांवर फळी टाकून तिच्यावरच पाय ठेवा, ओल्या कौलावर नाही. पडलेल्या कौलांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढीग हलवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिथे साप येऊन बसतात.

आणि काहीही उचलण्याआधी फोटो. चारही बाजूंनी, आतून, आणि फुटक्या मालाचा ढीग दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत ताडपत्री टाकायला कुणाची हरकत नसते, पण ढीग साफ केलेल्या घराचं नुकसान कागदावर निम्मं दिसतं. घरपट्टीची पावती, आठ-अ, बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेवा. घर चार भावांच्या नावावर आणि तिघे मुंबईत असतील तर संमतीचा कागद आधीच मागवून घ्या. पैसे अडकतात ते बहुधा इथेच.

आता तुलना. भाव गावागणिक बदलतात आणि वादळानंतरच्या महिन्यात तर पत्र्याचा भाव दर आठवड्याला चढतो, म्हणून इथे वजनाची गोष्ट करू. एक ब्रास, म्हणजे शंभर चौरस फूट छप्पर धरा. मंगलोरी कौलं त्यावर सुमारे १४५ बसतात. त्यांचं कोरडं वजन ३५० ते ४०० किलो. सहा मिलिमीटरचा सिमेंट पत्रा साधारण सव्वाशे किलो. अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत लोखंडी पत्रा चाळीसेक किलो. पाच इंची स्लॅब जवळजवळ तीन टन.

वाऱ्याचं गणितही याच मापात मांडता येतं. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. ११० चा हिशोब केला तर दर ब्रासला ५३० किलोच्या आसपास बल येतं. छपरावर ते बव्हंशी वर ओढणारं असतं. आढं, पाख्याच्या कडा आणि कोपरे इथे दीडपट-दुप्पट. घराचा वाऱ्याकडचा दरवाजा किंवा खिडकी फुटली की आतूनही हवा छपराला वर रेटते.

म्हणजे स्वतःच्या वजनावर टिकतो तो फक्त स्लॅब. बाकी तिन्ही पर्याय टिकतात ते बांधणीवर. “जड कौलं आहेत, उडायची नाहीत” हे म्हणणं निसर्गमध्ये खोटं ठरलं आणि “पत्रा म्हणजे उडणारच” हेही तितकंच चूक आहे. दुकानात माल निवडताना जितका वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ छप्पर भिंतीला कशाने धरलं आहे हे ठरवण्यात जायला हवा.

कौलांचं बलस्थान दुरुस्ती. माड किंवा पोफळ पडली तर तेवढाच भाग फुटतो आणि दुसऱ्या दिवशी चाळीस कौलं बदलली की पाऊस थांबतो. फटींतून हवा निघून जात असल्याने सगळं पाखं एकदम उचललं जात नाही. एकेक कौल सुटतं आणि मग त्या भोकातून वारा पुढची सोडवत जातो. म्हणून सगळी कौलं बांधायची गरज नाही. पागोळीकडच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, दोन ओळी, दोन्ही कडांच्या दोन ओळी आणि कोन्यांखालची (आढ्यावरच्या कौलांखालची) ओळ, एवढी १६ गेजच्या गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधा. मंगलोरी कौलाच्या पोटाला तारेसाठी भोक असतं, ते बहुतेक घरांत कधी वापरलेलंच नसतं. कोने सिमेंट-वाळूत बसवावेत. सगळी कौलं मात्र सिमेंटने चिकटवू नका, पुढच्या शाकारणीला (कौलं उतरवून पुन्हा लावताना) निम्मी फुटतील.

अडचणी तीन. एक, कारखाने बंद होत चालले आहेत, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही; जुनी अर्धी शिल्लक असतील तर ती एका पाख्यावर एकत्र करा आणि दुसऱ्या पाख्यावर सगळी नवी घाला. दुसरी, लाकूड. ओलं किंवा कोवळं लाकूड वर्षभरात वाकतं, कौलांची ओळ मोडते आणि गळती सुरू होते. तिसरी अडचण माणसांची: दरसाल मेमध्ये शाकारायला कुणीतरी लागतं, आणि माकडं येतात त्या गावात ते वर्षातून दोनदा होतं.

सिमेंट पत्र्याबद्दल थोडक्यात: नवं घेऊ नका. तो लोखंडापेक्षा स्वस्त पडतो, गंजत नाही आणि पावसात आवाज कमी करतो हे खरं आहे. पण नारळाचा घड पडला तरी तडकतो, आणि तडकलेला पत्रा वाऱ्यात शेजाऱ्याच्या घरात जातो. त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते फुटताना आणि कापताना हवेत येतात. आधीचा शाबूत असेल आणि ठेवायचाच असेल तर खालच्या आडव्या पाइपांमधलं अंतर १.४ मीटरपेक्षा जास्त नको, भोकं ड्रिलने पाडा, आणि जे-हूकखाली डांबरी वायसर हवाच. फुटलेले तुकडे ओले करून, तोंडावर मास्क लावून उचला आणि गोणीत बंद करा. ते आणखी फोडून अंगणात भराव म्हणून घालण्याची पद्धत आहे. तिथेच पुढे पोरं खेळतात.

रंगीत पत्र्याकडे बहुतेक जण वळतात आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. पहिली चूक जाडीची. दुकानात ०.५० सांगून ०.३५ चा माल सर्रास मिळतो, कारण रंग धरून डोळ्यांना फरक कळत नाही. वजनकाट्यावर घाला: ०.५० चा ब्रासला चाळीसेक किलो भरतो, तीसच्या आसपास भरला तर तो ०.३५ चा आहे. किनाऱ्याजवळ नुसत्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा जास्त टिकतो. खारी हवा आधी खाते ती स्क्रूची डोकी, मग कापलेल्या कडा. ग्राइंडरने कापताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढला नाही तर पहिल्या पावसानंतर पत्र्यावर तांबड्या ठिपक्यांची रांग दिसते.

दुसरी चूक स्क्रूंची. कडेच्या, आढ्याच्या आणि पागोळीच्या पाइपावर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या पाइपांवर एकाआड एक. ठेकेदार सगळीकडे एकाआड एक मारतो, कधी दोन सोडून एक, आणि छप्पर उलगडायला सुरुवात होते ती नेमकी कडेपासून. स्क्रू रबरी वायसर जरासा फुगेपर्यंतच आवळायचा. जास्त आवळला तर रबर चिरतं आणि दोन पावसाळ्यांत गळती लागते. खाली जुने लाकडी वासे असतील तर लाकडाचे स्क्रू वेगळे मागा. लोखंडाचा स्क्रू लाकडात नीट धरत नाही, छत्रीचा खिळा तर उपसूनच येतो.

तिसरी चूक सगळ्यात महाग. पत्रा पाइपाला घट्ट, पाइप कैचीला (छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) वेल्ड केलेला, आणि कैची भिंतीवर नुसती टेकवलेली. मग वारा अख्खा सांगाडा पत्र्यासकट उचलून शेजारच्या वाडीत ठेवतो. हिशोब करून बघा: चार ब्रासच्या छपराला ११० च्या वाऱ्यात एकवीसशे किलो वर ओढ. पत्रा आणि पाइप मिळून चारशे किलो वजा केले तर सतराशे उरतात. आठ ठिकाणी धरलं तर प्रत्येक ठिकाणी दोनशे किलोंहून जास्त. एक जांभा चिरा पंचवीस-तीस किलोचा. वरच्या एका थरात ठोकलेला बोल्ट चिऱ्यासकट वर येणार हे उघड आहे.

म्हणून भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घाला: चार इंच जाड, भिंतीइतका रुंद, आत १० मिलिमीटरच्या दोन सळ्या आणि दर सहा इंचांवर रिंग. कैचीच्या प्रत्येक जागी १२ मिलिमीटरचा बोल्ट खालचं टोक वाकवून पट्ट्यात पुरा. भिंत मातीत बांधलेली असेल तर त्या जागी चिऱ्यांत तीन फूट खोल खाच करून, त्यात सळई सोडून काँक्रीट भरा. पाइप काळा नको, गॅल्व्हनाइज्ड घ्या. उघडी तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करा, कारण पाइप आतून आधी सडतो. पागोळी भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवा: उघड्या पडवीखाली वारा शिरला की ती आधी जाते, आणि एकाच पत्र्यात असेल तर ओटी-माजघर घेऊन जाते. नवीनच सांगाडा करत असाल तर दोन पाख्यांऐवजी चौपाखी करा. त्रिकोणी भिंतच नसल्याने वाऱ्याला आपटायला जागा उरत नाही. उतार २२ ते ३० अंशांचा ठेवा. त्याहून कमी उताराचं छप्पर करायला स्वस्त पडतं, पण वारा ते जास्त जोराने वर ओढतो.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघायला होतं. खाली माळा किंवा छत केलं आणि आढ्याला हवेची जाळी ठेवली तर सुसह्य होतं, एवढंच.

स्लॅब उडत नाही, पोफळ पडली तर कठड्याला टवका जातो. पण जुन्या चिऱ्याच्या घरावर थेट स्लॅब टाकता येत नाही. मातीत बांधलेल्या भिंतीवर दर ब्रासला तीन टन नवीन वजन म्हणजे पाया, खांब, तुळया सगळं नव्याने, अर्थात घरच नवीन. काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवायचं. टेकू किमान १४ दिवस ठेवायचे आणि पाणी मारायला विहिरीला पाणी आहे का हे आधी पाहायचं. खाडीची रेती गोड्या पाण्याने न धुता वापरली तर सळया आतून गंजून फुगतात आणि दहा-पंधरा वर्षांत स्लॅबच्या पोटाचे पापुद्रे खाली पडतात. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला भारतीय मानक एम-३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं. वाडीवर मात्र सळईखाली २० मिलिमीटरचे ठोकळे ठेवून काम उरकतात. हे ठोकळे ओतण्याआधी स्वतः मोजा, नंतर मोजता येत नाहीत.

निवड घराप्रमाणे वेगळी होते. घरात बारा महिने माणसं आहेत, लाकूड सुकं आहे आणि सत्तर टक्के कौलं वाचली आहेत, तर कौलंच पुन्हा घाला, तारेसकट. घर गणपती-शिमग्यालाच उघडतं, शाकारायला कुणी नाही, तर पत्रा. पट्ट्याचा आणि बोल्टांचा खर्च वाचवायला जाऊ नका, त्याऐवजी रंगाची आणि पन्हळांची चैन सोडा. भिंतीच पडल्या असतील तरच स्लॅबचा विचार, आणि सगळ्या घरावर पैसे पुरत नसतील तर निदान एका दहा बाय दहाच्या खोलीवर. पुढच्या वादळात घरातली माणसं, कागदपत्रं आणि तांदूळ त्या एका खोलीत जाऊ शकतात.

स्लॅब असलेल्यांनी एक तपासावं. गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड मारायची पद्धत आता सगळीकडे आहे. ती शेड चारही बाजूंनी उघडी असते, तिचे खांब नुसत्या प्लेटवर चार खिळ्यांनी उभे असतात आणि वर सांगितलेले स्क्रूंचे नियम तिला कुणी लावत नाही. प्लेट खाली १२ मिलिमीटरच्या अँकर बोल्टांनी स्लॅबच्या तुळईत पकडा, मधल्या पातळ भागात नको. तिथे बोल्ट उपसला की गळतीला नवं भोक तयार.