पाचपैकी साडेतीन: सीबीएसजवळच्या एका वकीलबाईंचा सल्ला

वकीलबाईंचं नाव लिहीत नाही. त्यांचीच अट आहे. "रिव्ह्यू खुशाल टाका, पण नाव नको. उद्या माझा जिना चढणारा प्रत्येक माणूस तक्रारदार ठरेल." नाशिकच्या जुन्या सीबीएसच्या (बसस्थानकाच्या) जवळ, कोर्टापासून चालत जाण्याइतकं अंतर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा मिळेल ही आशा घरीच ठेवून निघा.

माझा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. एका सरकारी ऑफिसात (कुठल्या, ते राहू दे) बिल अडकलं होतं आणि मधल्या माणसाकडून दोन टक्क्यांचा निरोप आला होता. मला वकीलबाईंना एवढंच विचारायचं होतं, की तक्रार केली तर मला कोण वाचवणार?

फी १५०० रुपये, तासाभराची, आधी भरायची. पावती मिळते.

त्यांनी बसल्याबसल्या पहिलं विचारलं, "काही दिलंय का त्याला? चहापाण्याचंसुद्धा?" नाही म्हटल्यावर फाईल उघडली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही आरोपी होतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी देणाऱ्याच्या जबाबाला एका कलमाचा आडोसा होता, तो त्याच दुरुस्तीत गेला. आता बळजबरीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत कळवायचं, तरच सूट. आणि आधी एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला) सांगून, सापळ्यासाठी दिले तर देणाऱ्यावर गुन्हा नाही. "म्हणजे आधी तक्रार, मग नोटा. उलटं केलंत तर कॅलेंडर बघत बसाल." माझे १५०० इथेच वसूल झाले. आमच्या धंद्यातले निम्मे लोक 'आधी बिल काढून घेऊ, मग बघू त्याच्याकडे' असं म्हणत असतात.

मग मी गुप्ततेचं काढलं. बंद पाकिटातून तक्रार करा, नाव कुणाला कळत नाही, असा मेसेज मला व्हॉट्सअॅपवर आला होता. मेसेज खोटा नव्हता, फक्त माझ्या कामाचा नव्हता. सत्येंद्र दुबे या महामार्गाच्या इंजिनिअरने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये ही पाकिटाची सोय झाली. पाकीट केंद्रीय दक्षता आयोगाकडे जातं, नाव-पत्ता आतल्या पत्रात लिहायचा, पाकिटावर नाही. निनावी पत्र मात्र चालत नाही. पण हे सगळं केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना. "तुम्ही नाशिकरोडच्या नोटप्रेसमधलं किंवा ओझरच्या एचएएलमधलं काही सांगत असता तर पाकीटच करायला सांगितलं असतं. तुमचा साहेब राज्याचा आहे, ताई."

आणि तक्रारदारांना वाचवणारा तो खास कायदा? २०१४ चा, व्हिसलब्लोअर्सचा? संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद असंही त्यात लिहिलंय. फक्त तो लागू केलेला नाही. "छापलाय, चालू नाही," एवढं बोलून बाई पुढे गेल्या.

सापळ्याचं वर्णन त्या रंगवून करतात, थोडं जास्तच. आधी रेकॉर्डर लावून मागणीची पडताळणी, मग दोन सरकारी पंच, नोटांना पावडर, ती लागलीय का बघायला घेणाऱ्याचे हात दिव्याखाली धरायचे वगैरे. ऐकायला मजा येते, पण मीटर चालू असतो. कामाचं एवढंच: नोटा मुद्देमालात जमा होतात, तेवढी रक्कम सरकार तक्रारदाराला परत देतं. बातमीत नाव येत नाही, 'तक्रारदार महिला, वय अमुक' एवढंच येतं. आता आमच्या धंद्यात बायका किती? वय छापणं म्हणजे आधार कार्ड छापण्यासारखंच. शिवाय आरोपपत्राची प्रत आरोपीला मिळते आणि पुढे पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं. गुप्तता हवी असेल तर सापळा हा तुमचा रस्ता नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मी यशवंत सोनवणेंचं नाव काढलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी, २०११ च्या जानेवारीत मनमाडजवळ तेलमाफियांनी जाळलं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला वाचवता आलं नाही, मग माझी काय कथा? बाईंनी टाळलं नाही. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, संरक्षण एका वेळी तीन महिन्यांचं. "अर्जात 'भीती वाटते' लिहू नका. कोण, कुठे, किती वाजता, काय म्हणाला, कुठल्या नंबरवरून, ते लिहा." त्या दिवसापासून डायरी ठेवायला सांगितली.

खरा धोका मात्र त्यांच्या मते वेगळा होता. पुरवठादाराला मारहाण क्वचित होते, त्याचं टेस्टिंग पुन्हा मागवलं जातं. मोजमाप पुस्तकात त्रुटी निघतात, जीएसटी आणि रॉयल्टीच्या पावत्या अचानक आठवतात. म्हणून तक्रारीच्या आधी आपलं घर झाडून घ्यायचं, आणि बिलाची फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडली ते माहिती अधिकारात काढून ठेवायचं. काळ्या यादीची धमकी आली तरी घाबरायचं नाही, नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय त्या यादीत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्येच सांगितलंय. हे मला आजवर एकाही ठेकेदाराने सांगितलं नव्हतं. विजय पांढरे इथे मेटामध्ये (सरकारी अभियंत्यांच्या प्रशिक्षण संस्थेत) मुख्य अभियंता होते, २०१२ मध्ये सिंचनाच्या कामांवर त्यांनी पत्रं लिहिली. पण त्यांच्यासारख्या सरकारी माणसाला काढायचं तर निदान चौकशी तरी लावावी लागते. मला पुढचं टेंडर न मिळण्यासाठी काहीच लावावं लागत नाही. यावर बाईंकडे उत्तर नव्हतं आणि तसं त्यांनी कबूलही केलं.

आता दीड गुण का कापले. बोलणं फार वेगात, मध्येमध्ये फोन, आणि लिहून काही देत नाहीत. मी चलनबुकाच्या मागे टिपून घेतलं. अर्जाचा मसुदा हवा तर वेगळे पैसे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे केबिनला प्लायवूडची भिंत आहे. बाहेर बाकावर पाऊण तास बसून मी सिन्नरच्या एका घरातली वाटणीची भांडणं पार सुनेच्या दागिन्यांपर्यंत ऐकली. तक्रारदारांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात हे चालणार नाही. मी हे तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, जागा भाड्याची आहे.

बिलाचं पुढे काय झालं, मी काय केलं, ते इथे लिहिणार नाही. जाणार असाल तर संध्याकाळची शेवटची वेळ मागा, बाहेरचं बाकडं रिकामं असतं. मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या. आणि ती कोर्टासमोर काढू नका, तिथला एक दुकानदार पान वाचून झाल्यावरच काचेवर ठेवतो.