कस्टमर केअरचे कॉल रेकॉर्ड करणं: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोन कंपनीशी बिलावरून वाद चालू असेल, तर त्यांच्या कस्टमर केअरशी होणारा प्रत्येक कॉल रेकॉर्ड करावा असं मी आता बिनदिक्कत सांगते. पण नुसती फाइल फोनमध्ये पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही. माझं काम झालं ते कोणाला रेकॉर्डिंग ऐकवून नव्हे. त्यातलं नेमकं वाक्य तारीख-वेळेसकट ईमेलमध्ये उतरवून पाठवलं, तेव्हा झालं.

वाद थोडक्यात असा. कनेक्शन बंद करायची विनंती मी फोनवरून केली. मुदतीआधी बंद केल्याबद्दलचा आकार लागणार नाही, असं त्या कॉलवर मला सांगितलं गेलं. पुढच्या बिलात तोच आकार लावलेला, आणि शिवाय कनेक्शन बंद झाल्यानंतरच्या काळाचं भाडंही. विचारायला फोन केला की एकच उत्तर, "सिस्टिममध्ये तशी नोंद दिसत नाही." दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून, आणि शेवटी "संबंधित विभागाकडे पाठवलंय, अठ्ठेचाळीस तासांत अपडेट मिळेल." ही टोलवाटोलवी सुरू झाल्यावर मी रेकॉर्डिंग चालू केलं.

रेकॉर्ड करायचे तीन मार्ग मी वापरून पाहिले. पहिला, अँड्रॉइड फोनच्या डायलरमध्येच, म्हणजे नंबर लावायच्या ॲपमध्येच, असलेलं रेकॉर्डिंग. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय आहे त्यांनी दुसरं काही शोधत बसू नये. दोन्ही बाजूंचे आवाज स्वच्छ येतात आणि फाइलच्या नावात बहुतेक वेळा नंबर व तारीख आपोआप पडते. दुसरा, वेगळं ॲप. हा मार्ग जवळपास बंद झालेला आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून बाहेरच्या ॲप्सना कॉलचा आवाज मिळणं अवघड होत गेलं. त्यावर ॲक्सेसिबिलिटीची (मुळात अपंगांच्या सोयीसाठी असलेली) परवानगी वापरून काढलेली पळवाट गूगलने ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या नियमांत बंद केली. ट्रूकॉलरनेही तेव्हा अँड्रॉइडवरची ही सोय काढून टाकली. मी टाकलेल्या ॲपमध्ये माझा आवाज खणखणीत यायचा आणि पलीकडचा विहिरीतून आल्यासारखा. वादात कामाचा असतो तो पलीकडचाच आवाज, त्यामुळे असलं ॲप घेऊन काय करायचं? तिसरा मार्ग सगळ्यात साधा: कॉल स्पीकरवर टाकायचा आणि शेजारी दुसरा फोन रेकॉर्डर चालू करून ठेवायचा. खोली शांत हवी आणि पंखा बंद हवा. आवाज डायलरइतका चांगला येत नाही, पण शब्द कळतात, आणि लँडलाइनवरून बोलतानाही हाच मार्ग चालतो.

आयफोनवाल्यांची बरीच वर्षं पंचाईत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयओएस १८.१ आलं आणि ही सोय फोनमध्येच मिळाली. रेकॉर्डिंग नोट्स ॲपमध्ये जाऊन बसतं. घरातल्या एका फोनवर मी ते काही कॉल्सना वापरलं आणि आवाजाबद्दल तक्रारीला जागा नाही. रेकॉर्डिंग सुरू होताना कॉल रेकॉर्ड होत असल्याची घोषणा दोघांनाही ऐकू जाते आणि ती बंद करता येत नाही. गूगलच्या फोन ॲपमध्येही अशीच घोषणा होते.

या घोषणेबद्दल बरेच जण कुरकुर करतात. माझा अनुभव उलटा आहे. घोषणा असो वा नसो, मी सुरुवातीलाच सांगायचे, "तुमच्या बाजूनं हा कॉल रेकॉर्ड होतोय, माझ्याही बाजूनं होतोय." एकानं "मग मला बोलता येणार नाही" असं म्हणून फोन ठेवला, तेवढा अपवाद सोडला तर कोणी अडवलं नाही. उलट माणसं जरा सावध, जरा नेमकं बोलू लागली. "होऊन जाईल मॅडम" ऐवजी "मी विनंती टाकतो, मंजुरी माझ्या हातात नाही" असं स्पष्ट उत्तर येऊ लागलं. हे उत्तर ऐकायला कमी गोड असलं तरी खरं असतं, आणि पुढे काय करायचं ते त्यावरून कळतं. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा सांगून केलेलं रेकॉर्डिंग मला म्हणूनच जास्त उपयोगाचं वाटतं.

सांगून टाकण्यात कायद्याचीही सोय आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची लागते. जर्मनीत दुसऱ्याचं खासगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या मलकानी खटल्यात रेकॉर्ड केलेलं संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरलं, पण अटी घालून: ते विषयाशी संबंधित असावं, आवाज ओळखता यावा आणि त्यात फेरफार झाल्याची शक्यता उरू नये. आपण राहतो तिथला नियम काय आहे ते आधी पाहून घ्यावं. आणि पलीकडच्याला सांगून, त्यानं पुढे बोलणं चालू ठेवलं, की निम्मी काळजी मिटते.

आता ज्या कॉलने माझं प्रकरण फिरलं त्याबद्दल. नोंद नाही, नोंद नाही हे ऐकून कान किटले होते. त्या दिवशी फोन उचललेल्या बाईंनी माझं खातं उघडलं आणि स्वतःशीच पुटपुटत वाचायला लागल्या. "क्लोजर रिक्वेस्ट... ग्राहकाला कळवलं... आकार माफ, टीम लीडर ओके..." मग एकदम थांबल्या. "मॅडम, दोन मिनिटं होल्डवर ठेवते हं." संगीत बराच वेळ वाजत राहिलं. परत आल्या तेव्हा सूर बदललेला होता: "मॅडम, अशी कुठलीही नोंद आम्हाला दिसत नाहीये." कॉल चालू असताना ते पुटपुटणं मला अर्धवटच कळलं होतं. रात्री हेडफोन लावून, तेवढाच तुकडा मागे-पुढे करत ऐकला, तेव्हा शब्द न् शब्द लागला. ज्या पहिल्या कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे नव्हतं, त्यात काय ठरलं होतं ते कंपनीच्याच नोंदीतून, त्यांच्याच माणसाच्या तोंडून माझ्याकडे आलं.

मी ती फाइल पाठवली नाही. ईमेल लिहिला: अमुक तारखेला, अमुक वाजता सुरू झालेल्या कॉलच्या सातव्या मिनिटाला तुमच्या प्रतिनिधीने माझ्या खात्यावरची नोंद वाचली, तिचे शब्द असे. होल्डनंतर तीच नोंद नसल्याचं सांगण्यात आलं. या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडेही असणार, ते काढून ऐकावं आणि लेखी उत्तर द्यावं. खाली तक्रार क्रमांक. या ईमेलला पहिल्यांदाच साच्यातलं उत्तर आलं नाही. कोणीतरी खरंच बसून ऐकलं असावं, कारण पुढच्या बिलात तो आकार आणि जादाचं भाडं दोन्ही वजा झालेलं होतं.

माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. "हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते कानावरून निघून जातं. पण त्याचा अर्थ, तुमचं म्हणणं पडताळून पाहायची सोय कंपनीकडे आधीपासून आहे. अडचण असते ती शोधण्याची. रोजच्या असंख्य कॉल्समधून तुमचा कॉल काढायला तारीख, वेळ, मिनिट लागतं, आणि ते त्यांना आयतं द्यायचं काम तुमचं रेकॉर्डिंग करतं. युरोपीय संघात तर जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, २५ मे २०१८ पासून, कंपनीकडे असलेल्या आपल्या माहितीची प्रत मागता येते. त्यात आपल्या आवाजाचं रेकॉर्डिंगही येतं, आणि कंपनीनं एरवी महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. हा हक्क प्रत्येक ग्राहकाला, प्रत्येक ठिकाणी मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. दोन माणसं बोलली आणि टेप एकाच्याच कपाटात राहिली, हा न्याय नाही.

रेकॉर्डिंगच्या जोडीला वही हवीच. कॉल संपला की लगेच, उठायच्या आत, मी चार गोष्टी लिहायचे: वेळ, कोण बोललं, काय कबूल केलं, पुढची तारीख काय दिली. आणि शेजारी, कामाचं वाक्य कितव्या मिनिटाला आहे तो आकडा. तासाभराची फाइल कोणी परत पहिल्यापासून ऐकत नाही, आपणही नाही. ज्या फाइल्सना वहीत ओळ होती त्याच पुढे वापरल्या गेल्या, बाकीच्या नुसत्या जागा अडवून बसल्या. जागेचं म्हणाल तर ती काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलला मिनिटाला सुमारे एक एमबी लागतो.

क्वालिटीची सेटिंग वाढवून फार काही मिळत नाही. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. एचडी व्हॉइस, म्हणजे रुंद पट्ट्याचा नवा कॉल, असेल तर तो ७००० पर्यंत जातो, पण कॉल सेंटरपर्यंतच्या वाटेत कुठे जुनी लाइन लागली की परत तेच. त्यामुळे "एस" आणि "एफ" ही अक्षरं फोनवर जवळपास सारखी ऐकू येतात, कारण त्यांच्यातला फरक सांगणारा सीत्काराचा भाग या पट्ट्याच्या वर राहतो. तक्रार क्रमांकात अक्षरं असतील तर कॉलवरच विचारून घ्यावं, "सफरचंदातला स की फणसातला फ?" आकडेही एकेक करून परत म्हणून दाखवावेत आणि पलीकडून "बरोबर" वदवून घ्यावं. ते "बरोबर" रेकॉर्डमध्ये असणं महत्त्वाचं.

एका धोक्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ओळख पटवण्यासाठी आपण जन्मतारीख, पत्ता, कधी कधी ओटीपी किंवा कार्डाचा नंबर त्याच कॉलवर सांगतो, आणि ते सगळं आपल्या फाइलमध्ये जातं. बोललेलंच नाही, दाबलेलंही. कीपॅडचं प्रत्येक बटण दोन ठरावीक सुरांचा मिळून आवाज काढतं, आणि रेकॉर्डिंगमधल्या त्या सुरांवरून आकडे परत काढता येतात. पैशांचा व्यवहार होताना कित्येक कंपन्या स्वतःचं रेकॉर्डिंग तेवढ्यापुरतं थांबवतात, ते कार्डाच्या सुरक्षेच्या नियमांमुळेच. वादाच्या कॉलवर मी कार्डाने पैसे भरतच नाही, त्यासाठी वेगळा कॉल किंवा वेबसाइट. क्लिप कोणाला द्यायचीच झाली तर ओळख पटवण्याचा सुरुवातीचा भाग कापलेली वेगळी प्रत द्यावी.

मूळ फाइलला मात्र हात लावू नये. कापायचं, आवाज वाढवायचा, ते सगळं प्रतीवर. मेसेजिंग ॲपवरून स्वतःलाच पाठवून "बॅकअप" घेतला तर नाव आणि तारीख बदलू शकते. केबलने किंवा ड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी करावी, आणि त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट सोबत ठेवावा. जमत असेल त्यांनी फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून वहीत लिहून ठेवावा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही, म्हणून फेरफार झालेला नाही हे दाखवायला तो कामी येतो. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच दिलेली आहे.

रेकॉर्डिंग सोशल मीडियावर टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. फोन उचलणाऱ्या माणसाचा आवाज ओळखू येतो, कधी नावही येतं, आणि निर्णय त्याच्या हातात नसतो. त्याच्या प्रत्येक कॉलची मिनिटं मोजली जातात, स्क्रीनवर जे दिसतं तेच त्याला बोलावं लागतं. नोंद वाचून दाखवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी ईमेलमध्येही घातलं नाही, कॉलची वेळ पुरेशी होती. भांडण कंपनीशी आहे.

जिथे चॅट किंवा ईमेलवर काम होतं तिथे फोन करूच नये, लेखी उत्तर केव्हाही सरस. रेकॉर्डिंगची गरज पडते ती कंपनी फोनशिवाय दुसरं दार उघडत नाही तेव्हा. अजूनही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. माझ्या फोनवर मी स्वतः होल्ड दाबला की रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात. व्हॉट्सॲपवरून आलेला कॉल डायलर पकडत नाही. ब्लूटूथ हेडसेट लावला की कधी कधी माझाच आवाज बारीक येतो, म्हणून महत्त्वाच्या कॉलला फोन कानालाच.

खातं बंद झाल्याचं आणि काही देणं बाकी नसल्याचं पत्र मी मागून घेतलं. तरी मूळ फाइल्स आणि वही अजून ठेवली आहे, कारण जुनी थकबाकी कधी कधी वसुली करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीकडे दिली जाते आणि तिच्याकडे वजावटीची नोंद पोचलेली असेलच असं नाही. थकबाकीच्या दाव्याची कायदेशीर मुदत संपेपर्यंत त्या तशाच राहतील. बाकीचे, नुसते "अपडेट नाही" एवढंच सांगणारे कॉल मी पुसून टाकले.