लष्करच्या त्रिकोणी बागेतील सामुदायिक सेवा: शेजाऱ्याचा अभिप्राय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाड्यासमोर जी लहानशी त्रिकोणी बाग आहे, तिच्यात गेल्या काही वर्षांत ज्यांनी खरोखर घाम गाळला त्यांतला एकही माळी नव्हता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने अनेक जामीन आदेशांत झाडे लावून ती जगवण्याची अट घातली आहे, हे येथील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. त्या अटीखाली दोघे जण वेगवेगळ्या वर्षी आमच्या बागेत आले, आणि तिसरा गेल्या हिवाळ्यात, शिक्षा म्हणून मिळालेली सामुदायिक सेवा पूर्ण करण्यासाठी. तिघांचेही काम मी गॅलरीतून पाहिले आणि त्याचा लाभ रोज घेतो, म्हणून या सेवेविषयी लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

पहिल्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जुलैतल्या एका सकाळी तो चार मित्रांसह दहा रोपे घेऊन आला, वीतभर खड्डे खणून त्याने ती खोचली, प्रत्येक रोपाशेजारी वाकून छायाचित्र काढून घेतले आणि तासाभरात सगळे निघून गेले. वास्तविक अशा आदेशांत सहा ते आठ फूट उंचीची रोपे लावावीत, त्यांना जाळी किंवा कुंपण करावे आणि ३० दिवसांत छायाचित्रांसह अहवाल द्यावा, इतके तपशील असतात. पुढेही ठरावीक काळाने झाडांची स्थिती कळवावी लागते. परंतु छायाचित्रातले रोप हिरवे दिसते ते त्या दिवसापुरते. दिवाळीपर्यंत चार उरली, आणि पारा ४५ अंशांच्या वर नेणाऱ्या आमच्या मे महिन्याने त्यांतली तीन नेली. वाचला तो एक कडुनिंब, आणि त्याचे श्रेय बागेतल्या गळक्या नळाला द्यावे लागेल.

दुसरा मात्र पहार घेऊन आला. बागेची जमीन म्हणजे वर चार बोटे माती आणि खाली पाडलेल्या भिंतीचा विटारोडा, त्यामुळे पहिल्याच खड्ड्यात त्याची अर्धी सकाळ गेली. काढलेला रोडा त्याने फेकला नाही. खड्डे चाळलेल्या मातीने आणि शेणखताने भरून त्याच विटांची आळी त्याने रचली. कडुनिंब आणि करंज मिळून दहा झाडे लावली. नळाला त्या वेळी कुलूप असे, म्हणून दर गुरुवारी आणि रविवारी स्कूटरवर पायांपाशी दोन डबे ठेवून तो पाणी आणत असे, आणि ते एकदम न ओतता तांब्याने थोडे थोडे सोडत असे. आमच्या आईने पहिले काही दिवस त्याच्याकडे संशयाने पाहिले. नंतर तिचा चहा त्याच्यासाठी कठड्यावर ठेवला जाऊ लागला. त्याच्यावर आरोप कशाचा होता हे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. एक झाड शेळीने खाल्ले, एक वाळवीने. उरलेली आठ उभी आहेत, आणि दुपारी चारनंतर करंजाची सावली बाकापर्यंत पोहोचते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आमच्या गल्लीतली काही शहाणी माणसे या तिघांनाही सरसकट चोर म्हणत. जामिनावरील माणूस हा आरोपी असतो, त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असून माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केले असेल, अशा मोजक्याच गुन्ह्यांना ती मिळू शकते, आणि त्या कामाचा मोबदला मिळत नाही.

तिसरा माणूस दारूच्या प्रकरणातला होता. सात सकाळींत त्याने तुंबलेले गटार मोकळे केले, बाके घासली आणि रेलिंगला ऑइल पेंट दिला. काम नेटके होते; रंगाचे ओघळ एकदोनच ठिकाणी आहेत. तक्रार आहे ती देखरेखीची. ज्या कार्यालयाकडे ती सोपवली होती त्याने पहिले दोन दिवस फावडेसुद्धा पाठवले नाही, तो बिचारा बाकावर बसून राहिला, आणि अखेर आमच्याच घरचे घमेले आणि खराटा त्याला दिला. हजेरी घेणारा कर्मचारी सही करून निघून जाई. संहितेत तासांची संख्या दिलेली नाही, त्यामुळे बसून काढलेली सकाळही सेवेतच जमा होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालय अशा कामाचे ४० ते ३०० तास ठरवून देते; ती मोजणी आपल्याकडे यावी, परंतु तिथल्यासारखी पाठीवर अक्षरे लिहिलेली नारिंगी जाकिटे येऊ नयेत, कारण दुसऱ्या माणसाला तशा जाकिटात आईने चहा दिला असता असे मला वाटत नाही.

पहिल्याला पाचपैकी एक, दुसऱ्याला पाच आणि तिसऱ्याला चार गुण मी देईन, देखरेखीला शून्य. यापुढे कोणाला आमच्या बागेत पाठवायचे झाल्यास जुलैऐवजी एप्रिलमध्ये पाठवावे. नवी रोपे नकोत, आहेत त्यांना पाणी हवे आहे, आणि नळाची चावी आता आमच्याकडे असते.