दारू घेता का, याच्या पुढचा प्रश्न विचारणारं लिव्हर क्लिनिक

वजन ६१ किलो, उंची पाच फूट सात इंच, दारूचा थेंब कधी घेतला नाही आणि तरी सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी. आधीच्या एका डॉक्टरांनी बायकोसमोर तीनदा विचारलं, खरं सांगा किती घेता, फार लागलं ते मनाला. मग मित्राने सुचवलेल्या पुण्यातल्या एका लिव्हर क्लिनिकमध्ये गेलो, त्याचा हा रिव्ह्यू.

फायब्रोस्कॅन झाला, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय आणि त्यात चरबी किती हे मोजणारी तपासणी. तीन तास उपाशी या हे फोनवरच सांगितलं होतं. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून टिचकी मारल्यासारखे झटके देतात, दुखत अजिबात नाही, दहा मिनिटांत मोकळे. कडकपणा ७.९ किलोपास्कल, म्हणजे काठावर, चरबी मात्र भरपूर.

खरी गोष्ट यानंतरची. डॉक्टर मॅडमनी दारू, शुगर, जेवण सगळं विचारलं आणि मग म्हणाल्या, जन्म कधीचा, कुठला, जन्मलात तेव्हा वजन किती होतं? म्हटलं एप्रिल १९७३, बीड जिल्हा, घरीच झालो, वजन कोण करतंय. आई सोबत होती, ती बोलायला लागली. बहात्तरचा दुष्काळ, मी पोटात असताना ती दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी हा पौष्टिक खाऊ मिळायचा आणि घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तीही पुरायची नाही. सुईण म्हणाली होती हे पोर काय टिकत नाही. हे सगळं मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की शरीर आधी मेंदू सांभाळतं, लिव्हर, स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. पुढे खायला भरपूर मिळायला लागलं की जास्तीची साखर सामावून घ्यायला स्नायूच कमी असतात, मग तिची चरबी होऊन लिव्हरमध्ये साठते. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करतायत, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५, पण आपल्या बाळांत कमी भरतात ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी त्या मानाने टिकून असते. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट, मी आरशात रोज हेच बघतो. अर्थात सगळं दुष्काळावर ढकलू नका, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, पंचवीस वर्षांची बैठी नोकरी आणि दिवसाला पाच गोड चहा आहेतच.

आई गप्प झाली होती. माझ्यामुळं झालं का रे, म्हणाली. मॅडम उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या, आजी, तुम्ही दुष्काळात त्याला जगवलंत, तुमची चूक कशी? त्या पाच मिनिटांसाठी मी पाच स्टार देतोय.

लिव्हर टॉनिक वगैरे काही दिलं नाही. साखर आणि ज्यूस बंद, रोज उसळ, अंडी, ताक, आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची म्हणजे स्नायू वाढतील, आणि दोन-तीन किलो वजन उतरलं तरी फरक पडेल म्हणाल्या.

तक्रारी दोन. अकराची अपॉइंटमेंट होती, नंबर एक वाजता लागला, उपाशी आलेल्या मधुमेही माणसाने काय करायचं? आणि डाएट चार्ट इंग्रजीत, त्यात किनोआ आणि ब्रोकोली. बाहेर बसलेले निम्मे पेशंट खेड्यातले होते, त्यांच्यासाठी ज्वारी, मटकी, शेवग्याचा पाला असं मराठीत छापून ठेवा की. मी मागितल्यावर डाएटिशियन ताईंनी हाताने लिहून दिलं, पण प्रत्येक जण मागेल असं नाही.

निघताना सहज बोललो की मुलीला पाचवा महिना आहे. मॅडमनी थांबवून तिचं हिमोग्लोबिन विचारलं, फोन करून सांगितलं ९.४. एवढं कमी चालणार नाही, तिच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, म्हणाल्या. सोमवारची वेळ घेतलीये, मी स्वतः सोबत जाणार आहे.