सात महिने डुप्लिकेट एस२३ अल्ट्रा वापरला, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, फोन नकली निघाला. तरीपण सात महिने वापरला, कारण २३,९९९ रुपये रोख मोजलेले आणि वस्तू फेकवत नाही आपल्याकडनं.

माझं कराडला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देतो, "मावशी ओटीपी कुणाला सांगू नका" हे वाक्य दिवसातनं दहा वेळा माझ्या तोंडात, आणि गंडलो मीच. रात्री रील्स बघताना जाहिरात आली, सॅमसंग एस२३ अल्ट्रा, १२ जीबी ५१२ जीबी, शोरूमचा डेमो पीस, बिल नाही म्हणून स्वस्त, कॅश ऑन डिलिव्हरी. २०२३ मध्ये हा फोन आला तेव्हा सुरुवातच १,२४,९९९ पासून होती, आता जुना झालाय, डेमो पीस आहे, मिळत असेल पंचवीसच्या आत असं मनाला समजावलं. बायको म्हणाली सुद्धा, "एवढा स्वस्त कसा ओ?" तर तिलाच उलट शिकवलं.

पार्सल आलं तर डिलिव्हरीवाला म्हणाला आधी पैसे मग बॉक्स, तेही ठीक वाटलं. बॉक्स एक नंबर. काचेवर फिल्म, चालू करताना कंपनीचा लोगो, खालनं पेन टिक करून बाहेर येतो, सेटिंगमध्ये बघावं तर ५१२ जीबी, स्नॅपड्रॅगन, अँड्रॉइड १३, सगळं जिथल्या तिथं. आता कळतंय की बनवणाऱ्याने सगळी मेहनत पहिल्या दहा मिनिटांवर घेतलीय. नवीन फोन हातात आल्यावर आपण जिथं जिथं बघतो तिथं तिथं त्याने बरोबर उत्तर लिहून ठेवलंय, आणि जिथं कुणी बघत नाही तिथं काहीच नाही.

पहिला संशय आला तो वजनावरनं. शेजारच्या किराणावाल्या अण्णांच्या काट्यावर सहज गंमत म्हणून ठेवला तर १९० च्या आसपास, ओरिजिनल २३३ ग्रॅमचा आहे. मग लेकाने कॅमेऱ्याचा उद्योग केला. मागे लेन्स दिसायला सगळ्या आहेत, तो एकेकीवर बोट ठेवत गेला आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. पहिलीवर ठेवलं, काही फरक नाही. दुसरी, नाही. तिसरीवर ठेवल्यावर अंधार. बाकी सगळी नुसती काच चिकटवलेली, आणि त्या एकीवर म्हणे २०० मेगापिक्सेल! पेनचं पण तसंच. खऱ्या एस पेनचं टोक काचेपासून थोडं वर धरलं तरी स्क्रीनवर ठिपका येतो, माझा पेन म्हणजे बोटाऐवजी प्लास्टिकची काडी. फिंगरप्रिंट तर विचारू नका, माझ्या अंगठ्याने उघडायचा, बायकोच्याही उघडायचा, लेकाने कोपर टेकवलं तरी उघडला.

गावाला पाटण तालुक्यात आमच्या वस्तीवर फोन लावायचा तर टेकाडावर जावं लागतं, तिथं घरात बसून हा फाईव्ह जी दाखवतोय आणि कॉल मात्र लागत नाही. तेव्हा मी प्रोसेसर बघायचं ॲप टाकलं. आत निघाला मीडियाटेकचा चार कोरचा एमटी६७३७, २०१६ च्या काळातला, बजेट फोनमध्ये यायचा तो, आणि रॅम २ जीबी. सेटिंगमधली माहिती म्हणजे नुसती रंगवलेली पाटी.

इथवर हसलो असतो. पण मेव्हण्याच्या मुलीचं बारसं झालं, शंभरेक फोटो काढले, ५१२ जीबी आहे म्हणून बिनधास्त काढत गेलो, आणि घरी येऊन बघतो तर सुरुवातीचे पंधरा-वीस नीट, पुढच्यांचा वरचा पट्टा दिसतो आणि खाली सगळं करडं. ५१२ जीबी पण पाटीवरचीच, आत तेवढी जागाच नसणार. आजीने मुलीच्या कानात नाव सांगितलं तो फोटो पण गेला. आजी ८६ वर्षांची आहे. ह्याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

बँकेच्या ॲपने पहिल्याच दिवशी डिव्हाइस सुरक्षित नाही म्हणून दार लावून घेतलं होतं, मी म्हटलं ॲपचाच काहीतरी घोळ. आता वाटतं नशीब. अँटीव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्की कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं होतं की असल्या नकली अँड्रॉइड फोनच्या सिस्टीममध्येच ट्रायडा नावाचा व्हायरस आधीपासून भरलेला सापडतो, मेसेज वाचतो, रिसेट मारला तरी जात नाही. माझ्यात होता की नाही देव जाणे, पण वाचल्यावर त्याच संध्याकाळी सिम काढलं आणि जुन्या फोनवरनं सगळे पासवर्ड बदलले.

सर्व्हिस सेंटरला नेला तर पोराने उलटा करून पाहिला आणि परत दिला, "दादा, हा आमचा नाही." बास. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढला, १५ आकडे, 'केवायएम' इंग्रजीत टाइप करून स्पेस देऊन नंबर टाकला आणि १४४२२ ला मेसेज केला, तर उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं मॉडेल. सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर पण हे बघता येतं. दोन मिनिटांचं काम, पैसे देताना दारात उभ्याउभ्या झालं असतं, पण बॉक्स उघडायलाच कुठं मिळाला होता.

तक्रारीचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावला, पण तोवर दोन महिने गेलेले आणि पैसे रोख, गोठवायला खातंच नाही समोरच्याचं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो, माझ्याकडे लेबलवर अर्धवट पत्ता आणि बंद पडलेला नंबर. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची वगैरे, पण ज्याचं पेजच गायब झालं तो कसली पोच देतोय. लेबल मात्र जपून ठेवलंय, झेरॉक्स काढून फाईलला लावलंय, सवयच आहे ती.

आता हा दुकानात गाणी लावायला असतो, वायफायवर, कुठलंही खातं न टाकता. बॅटरी दुपारपर्यंत, स्पीकर मोठा आहे तेवढा, पण फाटका. गिऱ्हाईक बघून म्हणतात, काय अल्ट्रा घेतला वाटतं! मी हो म्हणतो. परवा सहज सॉफ्टवेअर अपडेट दाबून पाहिलं, गोल गोल फिरला थोडा वेळ आणि म्हणाला, तुमचा फोन अप टू डेट आहे.