परदेशातील वरिष्ठ पदासाठी ‘करिअर कोचिंग’ : एक महागडा अनुभव

वरिष्ठ पदावरच्या माणसाला खोटे ऑफर लेटर पाठवून फसवण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही, कारण खरी ऑफर लेटर त्याने स्वतः अनेकांना दिलेली असतात. त्याच्यासाठी मार्गदर्शनाचे दुकान मांडलेले असते. मी चार्टर्ड अकाउंटंट असून पुण्यातील एका उत्पादन कंपनीत वित्त विभागाची प्रमुख आहे. दुबई किंवा अबू धाबी येथे त्याच दर्जाचे पद शोधत असताना अशाच एका संस्थेने लिंक्डइनवरून माझ्याशी संपर्क साधला.

पहिल्या कॉलमध्ये पैशांचा विषयसुद्धा निघाला नाही. उलट, मला घ्यायचे की नाही हे त्यांची ‘निवड समिती’ ठरवील, असे सांगून एक मानसशास्त्रीय चाचणी आणि बरीच लांबलेली मुलाखत घेण्यात आली. मग निवड झाल्याचे अभिनंदन आले आणि पुढच्या कॉलला पतीनेही बसावे असा आग्रह झाला, कारण परदेशी जाणे हा साऱ्या कुटुंबाचा निर्णय असतो. ते खरेच आहे. पण दोघेही समोर असले की ‘घरी विचारून कळवते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही, हेही तितकेच खरे. शुल्काचा आकडा त्याच कॉलमध्ये आला : ४ लाख ८० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५ लाख ६६ हजार ४०० रुपये, आणि तेही कार्डावर हप्त्यांनी भरण्याच्या सोयीसह.

त्यांच्या सगळ्या मांडणीचा आधार ‘हिडन जॉब मार्केट’, म्हणजे जाहिरातीविना भरल्या जाणाऱ्या पदांचा बाजार, हा होता. वरिष्ठ पदे फारशी जाहिरातीत येत नाहीत, हे बरोबर आहे. परंतु अशी पदे भरणाऱ्या एक्झिक्युटिव्ह सर्च संस्थांना त्यांचे शुल्क नोकरी देणारी कंपनी देते, आणि ते सहसा निवडलेल्या व्यक्तीच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या सुमारे एक तृतीयांश इतके असते. उमेदवाराकडून पैसे घेणारा माणूस त्या साखळीत कुठेच बसत नाही. ‘आमचा तिथे थेट शिरकाव आहे’ असे म्हणणाऱ्याला, कोणत्या कंपनीने तुम्हाला कोणते पद भरण्याचे काम दिले आहे, एवढेच विचारावे.

करारनामा मात्र कायद्याच्या दृष्टीने चोख होता. फोनवर ‘तुमच्यासारख्या प्रोफाइलला तीन-चार महिन्यांत ऑफर’ असे सांगणाऱ्यांनी कागदावर मुलाखतीचीही हमी नाकारली होती. नवा बायोडेटा हाती पडताच सेवा ‘उपभोगली’ असे मानले जाणार होते आणि त्यानंतर परतावा नव्हता. संस्थेविषयी कोठेही प्रतिकूल लिहायचे नाही, असेही एक कलम होते.

प्रत्यक्षात मिळाले ते असे : ठोकळेबाज भाषेतला बायोडेटा, लिंक्डइनवरील मजकुराची रंगरंगोटी, दोन सराव मुलाखती आणि रिक्रूटर मंडळींच्या ई-मेल पत्त्यांची यादी, ज्यातील बरेच पत्ते बंद होते. बायोडेटा तर त्यांनी घाऊकपणे वाटला. दुबईतील एका परिचिताकडून कळले की, त्यांच्या कंपनीत माझे नाव वेगवेगळ्या दलालांकडून वेगवेगळ्या वेतनाच्या अपेक्षेसह आले आणि त्यामुळेच बाजूला ठेवले गेले. त्याहून वाईट म्हणजे एक प्रत आमच्याच उद्योगसमूहाच्या आखातातील कार्यालयात पोहोचली. मला वरिष्ठांपुढे खुलासा करावा लागला. गेलेल्या पैशांपेक्षा ही हानी मोठी आहे आणि तिची भरपाई कोणत्याही पावतीत मावणारी नाही.

तक्रार सुरू केल्यावर सल्लागार बदलला आणि नव्याच्या प्रत्येक मेलच्या शेवटी एखादा लहानसा ‘गृहपाठ’ येऊ लागला. तेव्हा ते निरुपद्रवी वाटले. पुढे मी पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीच्या उत्तरात तेच मेल ‘ग्राहकाने सहकार्य केले नाही’ याचा पुरावा म्हणून जोडलेले दिसले.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचे नोंदणी प्रमाणपत्र असावे लागते, आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. आपण भरती करत नसून केवळ कोचिंग देतो, असे म्हटले की ३० हजारांची मर्यादा आपोआप बाजूला पडते. माझ्या मते या धंद्याचे सारे गणित इथेच आहे. प्रामाणिक प्रशिक्षकही असतात. ते बैठकीगणिक पैसे घेतात आणि नोकरी मिळवून देणे आपल्या हातात नाही, हे आधीच सांगतात.

करारात लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याचे, कलम होते आणि लवादाचे ठिकाण दुसऱ्या राज्यात होते. तेवढ्यावरून माघार घेण्याचे कारण नाही, कारण असे कलम असले तरी ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच ते दहा लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क केवळ २०० रुपये आहे. माझी तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगापुढे प्रलंबित आहे. त्यात माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद म्हणजे विक्री प्रतिनिधीने ‘तीन-चार महिन्यांत ऑफर’ असे लिहून पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेश. बाकीचा बराचसा पत्रव्यवहार त्यांच्या क्लायंट पोर्टलवर होता आणि कराराची मुदत संपताच ते माझ्यासाठी बंद झाले. ज्यांचा करार अजून चालू आहे, त्यांनी पोर्टलवरील प्रत्येक पान आजच उतरवून घ्यावे आणि तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन मेलने लिहून मागावे.